दोन मेढींच्या मधले

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ‘इंटरव्हल या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द शोधू नये’ असे एक वाक्य लिहून पुढे गेलो होतो. ते वाक्य अर्धवट सोडल्याचे प्रायश्चित्त म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच शब्दाला दिले आहे. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून पत्रे विशेष आली, आणि त्यांतली बहुतेक कामाच्या अडचणीतून लिहिलेली आहेत, म्हणून त्यांनाच अग्रक्रम दिला आहे.

प्रश्न : मी घरी बसून इंग्रजी माहितीपत्रकांचे मराठी भाषांतर करते. मागच्या महिन्यात माझ्याकडे तीन कामे एकदम आली : हृदयाच्या तपासणीची माहिती, ठिबक सिंचनाच्या संचाचे पत्रक आणि एका नाट्यमहोत्सवाची पत्रिका. तिन्हींत ‘इंटरव्हल’ हा शब्द होता. कोशात अंतर, मध्यंतर, अवधी, कालावधी, अवकाश असे पर्याय दिले आहेत. परंतु कोणता कुठे वापरावा, हे कोश सांगत नाही. याला काही नियम आहे का? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नियम म्हणता येईल असे काही आहे, मात्र ते शब्दाच्या जन्मात शोधावे लागते. रोमन सैन्य मुक्कामाला थांबले की छावणीभोवती मातीचा बांध घालून त्यावर लाकडी मेढी रोवीत असे. आपल्याकडे अशा तटाला मेढेकोट म्हणत. या तटाला लॅटिनमध्ये ‘व्हॅल्लुम’ असा शब्द होता, आणि दोन तटांच्या किंवा दोन मेढींच्या मधली जी मोकळी जागा, ती ‘इंटरव्हॅल्लुम’. म्हणजे शब्द जन्मला तो जागेसाठी. पुढे लॅटिनमध्येच तो काळालाही लावला जाऊ लागला, आणि फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला तेव्हा जागा आणि काळ हे दोन्ही अर्थ बरोबर घेऊन आला. इंग्रजीतील ‘वॉल’, म्हणजे भिंत, हा शब्दही याच ‘व्हॅल्लुम’पासून आलेला आहे. आणि ‘इंटर’ हा तर आपल्या ‘अंतर्’चा सख्खा नातलग, संस्कृत आणि लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेतून दोघे उतरले. तेव्हा ‘इंटरव्हल’ला मराठीत ‘अंतर’ म्हणताना आपण अर्ध्या शब्दाचे भाषांतर करीतच नसतो, फक्त घरचे माणूस ओळखत असतो.

आता नियमाकडे येऊ. ‘इंटरव्हल’ म्हणजे नुसती पोकळी नव्हे, तर दोन ओळखीच्या कडांमधली जागा किंवा वेळ. भिंतीला भेग पडते, डोंगराला खिंड असते, तटाला खिंडार पडते. या साऱ्या मोकळ्या जागाच आहेत, परंतु त्यांना इंग्रजीत ‘इंटरव्हल’ म्हणत नाहीत, कारण तिथे आपले लक्ष फुटलेल्या अखंडतेकडे असते. ‘इंटरव्हल’मध्ये लक्ष दोन्ही बाजूंच्या मेढींकडे असते. म्हणून भाषांतर करताना पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : इथल्या दोन मेढी कोणत्या? त्या सापडल्या की मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो, आणि सापडल्या नाहीत तर पाचही प्रतिशब्द समोर असून उपयोग होत नाही.

आपल्या ठिबकच्या पत्रकात मेढी म्हणजे नळीवरचे दोन ड्रिपर असतील, तर ते ‘अंतर’. त्याच पत्रकात पाणी देण्याच्या दोन वेळांविषयी लिहिले असेल, तर शेतकऱ्याच्या तोंडी त्यासाठी ‘पाळी’ हा शब्द आहे आणि ‘पाण्याच्या दोन पाळ्यांमधले दिवस’ असे लिहिले की कुणालाही कळते. एक दिवस मोकळा सोडून पाणी द्यायचे असेल तर ‘दिवसाआड’ या एका शब्दात मराठी जे सांगते, त्याला इंग्रजीत तीन शब्द लागतात. ही सोय आपल्या हाती असताना ‘४८ तासांच्या कालांतराने’ असले अवघडलेले मराठी का लिहावे, हे मला कधी समजलेले नाही. ‘कालांतराने’ याचा मराठीत रूढ अर्थ ‘बराच काळ लोटल्यावर’ असा आहे, त्यामुळे अशा वाक्याने शेतकऱ्याची दिशाभूलच होते.

नाटकाच्या पत्रिकेत मेढी म्हणजे दोन अंक, आणि मधला वेळ प्रेक्षकांच्या विश्रांतीचा. तिथे ‘मध्यंतर’ हाच शब्द. त्याविषयी पुढे आणखी एक पत्र आहे. हृदयाच्या आलेखात मात्र ‘इंटरव्हल’ हे मोजमापाचे नाव आहे, आणि तिथे एक बारकावा आहे. ‘पीआर इंटरव्हल’ म्हणजे पी या लहरीच्या सुरुवातीपासून पुढच्या मोठ्या लहरसमूहाच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. तो सामान्यतः १२० ते २०० मिलिसेकंद असतो. या काळात पी लहर स्वतः मोजलेली आहे. ती लहर संपल्यानंतरच्या सपाट तुकड्याला डॉक्टर ‘इंटरव्हल’ म्हणत नाहीत, ‘सेगमेंट’ म्हणतात. आपण दोन्हींना ‘अंतर’ असे लिहिलेत तर मजकूर चुकीचा होईल, म्हणून तिथे मूळ शब्द देवनागरीत ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात त्याचा अर्थ द्यावा, असे मी सुचवीन.

राहिले अवधी, कालावधी आणि अवकाश. ‘अवधी’मध्ये दोन मेढींपैकी पुढच्या मेढीवर भार असतो : मुदत संपायला अवधी आहे, परीक्षेला अवधी थोडा आहे. ‘कालावधी’ लांबी सांगतो, मग त्या काळात काही घडत असो वा नसो. त्यामुळे तो ‘इंटरव्हल’पेक्षा इंग्रजीतील ‘पिरियड’ला अधिक जवळचा. ‘अवकाश’ हा शब्द मात्र जागा आणि काळ यांच्यात कसलाही परकेपणा न मानता वावरतो. आंबे पिकायला अजून अवकाश आहे, असे आपण म्हणतो, आणि यान अवकाशात झेपावले, असेही म्हणतो; पुन्हा ‘तू येण्याचाच अवकाश, की पाने वाढलीच’ या वाक्यात तो अवकाश जवळपास शून्य होऊन बसतो. इतका लवचीक शब्द व्यवहाराच्या पत्रकात धोक्याचा ठरतो. जिथे आकडा लिहायचा असेल तिथे ‘अवकाश’ टाळावा आणि ‘अंतर’ वापरावा.

‘अंतर’ वापरतानाही विभक्तीकडे लक्ष असू द्यावे, कारण जागा की काळ, हे मराठीत पुष्कळदा प्रत्यय ठरवतो. ‘थोड्या अंतरावर’ म्हटले की जागा, यात शंका उरत नाही. ‘थोड्या अंतराने’ म्हटले की बहुधा काळ, परंतु ‘दोन-दोन फुटांच्या अंतराने रोपे लावावीत’ हेही शुद्ध मराठी आहे, म्हणून एकक लिहिल्याशिवाय ‘अंतराने’ मोकळे सोडू नये. आणि ‘आम्हाला अंतर देऊ नका’ यातले अंतर कोणत्याही टेपने मोजता येत नाही; ते आपल्या पत्रकांत येणार नाही, अशी आशा आहे.

प्रश्न : देवळाच्या रचनेत ‘अंतराळ’ नावाचा भाग असतो, असे एका माहितीफलकावर वाचले. अंतराळवीरांचा आणि देवळाचा काय संबंध? — एक विद्यार्थी, परळी, ता. सातारा

उत्तर : संबंध ‘मधले’ या अर्थाचा आहे. जुन्या दगडी देवळात सभामंडपातून थेट गर्भगृहात पाऊल पडत नाही. दोहोंच्या मध्ये एक छोटी, बहुधा अंधारी जागा असते, तिला अंतराळ म्हणतात. एका बाजूला माणसांचा मंडप, दुसऱ्या बाजूला देवाचा गाभारा, आणि मध्ये हे अंतराळ. पृथ्वी आणि ग्रहतारे यांच्या मधल्या जागेला तोच शब्द लावला गेला. फलक अचूक आहे. पुढच्या वेळी तिथे उभे राहाल, तेव्हा आपण शब्दशः अंतराळात उभे आहोत, हे मित्रांना सांगण्यास हरकत नाही.

प्रश्न : मी भूगोल शिकवते. नकाशावरील समोच्च रेषांच्या, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांच्या, ‘इंटरव्हल’ला मी ‘दोन रेषांमधले अंतर’ म्हणते. एका मुलाने पट्टी लावून दाखवले की अजिंक्यताऱ्याच्या उतारावर हे अंतर केसाएवढे आहे आणि नदीकाठी बोटभर, मग ते ‘समान’ कसे? मला वर्गात समाधानकारक उत्तर देता आले नाही. — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : त्या मुलाचे कौतुक करावे. त्याने दोष नकाशात नव्हे, तर मराठी शब्दयोजनेत दाखवला आहे. इथल्या दोन मेढी म्हणजे कागदावरच्या दोन रेषा नव्हेत, तर जमिनीच्या दोन उंच्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर हा फरक सामान्यतः २० मीटर असतो, आणि ओळखायला सोपे जावे म्हणून दर पाचवी रेषा ठळक काढलेली असते. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर २० मीटर चढायला आडवे फारसे चालावे लागत नाही, म्हणून रेषा एकमेकींना चिकटतात. संगम माहुलीच्या बाजूला कृष्णा आणि वेण्णा यांच्या काठाच्या सपाटीवर तेवढाच चढ मिळवायला बरेच दूर जावे लागते, म्हणून त्या विरळ होतात. ‘समान’ आहे तो उंचीतला फरक. तेव्हा फळ्यावर ‘दोन लगतच्या समोच्च रेषांच्या उंचीतील फरक’ असे लिहावे आणि ‘अंतर’ हा शब्द पट्टीने मोजायच्या आडव्या लांबीसाठी राखून ठेवावा. इंग्रजीत एकाच शब्दात उभे आणि आडवे दोन्ही मावते. मराठीत ‘फरक’ आणि ‘अंतर’ असे दोन शब्द हाताशी आहेत, ते वापरावेत.

प्रश्न : औषधाच्या कंपनीच्या इंग्रजी पत्रकात ‘प्री-हार्वेस्ट इंटरव्हल’ आणि ‘स्प्रे इंटरव्हल’ असे दोन आकडे दिलेले असतात. आमच्या गटात दोघांनी दोन अर्थ लावले. — एक द्राक्षबागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली

उत्तर : हा प्रश्न शब्दापुरता नाही, म्हणून आधी नेमके सांगतो. ‘स्प्रे इंटरव्हल’च्या दोन मेढी म्हणजे एकाच औषधाच्या लागोपाठच्या दोन फवारण्या. ‘प्री-हार्वेस्ट इंटरव्हल’, ज्याला आपण सगळे पीएचआय म्हणता, त्याच्या दोन मेढी वेगळ्या आहेत : त्या औषधाची शेवटची फवारणी आणि द्राक्षांची काढणी. समजा पीएचआय ३० दिवसांचा आहे आणि शेवटची फवारणी १० जानेवारीला झाली, तर ९ फेब्रुवारीच्या आधी घड तोडता कामा नये. मोजणी शेवटच्या फवारणीपासूनच होते. त्याआधीच्या फवारण्या कितीही दिवसांपूर्वी झाल्या असल्या तरी त्यांचा इथे हिशेब नाही, आणि मध्येच पुन्हा एकदा तेच औषध मारले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. औषधाचा अंश फळात मान्य मर्यादेखाली यायला जो काळ लागतो, त्यावरून हा आकडा ठरतो. निर्यातीच्या बागेसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी पाहावी. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये.

मराठीत याला ‘काढणीपूर्व कालावधी’ म्हणतात, आणि घोटाळा तिथेच होतो, कारण या नावात कशाच्या पुढचा कालावधी, हे सांगितलेले नाही. ‘शेवटची फवारणी ते काढणी : किमान इतके दिवस’ असे लांबलचक लिहिणे मला अधिक पसंत आहे. काही पत्रकांत तिसराही आकडा असतो : फवारणी झाल्यावर किती वेळाने मजुरांनी बागेत शिरावे, तो. त्यालाही इंग्रजीत ‘इंटरव्हल’च म्हणतात. तो सहसा कुणी वाचत नाही, पण वाचावा.

प्रश्न : डॉक्टर ‘आठ दिवसांनी या’ म्हणतात तेव्हा ते सातव्या दिवशी जायचे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु नातवाला कुत्रा चावला तेव्हा लसीच्या कागदावर ०, ३, ७, २८ असे आकडे होते, आणि मी त्याला ‘तिसऱ्या दिवशी’ म्हणजे बुधवारी घेऊन गेलो, तर गुरुवारी या म्हणून परत पाठवले. पहिली सुई सोमवारी होती. चूक कुणाची? — एक निवृत्त कर्मचारी, वाई

उत्तर : चूक आपलीही नाही आणि कागदाचीही नाही. आपण मेढी मोजल्या आणि कागदाने मेढींमधल्या जागा मोजल्या, एवढेच झाले. मराठी माणसाची जुनी मोजणी दोन्ही टोके धरून चालते. जन्मदिवस पहिला धरून बाराव्या दिवशी बारसे. दहावा आणि तेरावा हे दिवसही तसेच मोजले जातात. सोमवार पहिला धरला तर बुधवार तिसरा, हे आपले गणित परंपरेप्रमाणे बिनचूक होते. लसीच्या कागदावर मात्र पहिल्या सुईचा दिवस ‘शून्य’ मानलेला असतो, म्हणजे ३ हा आकडा ‘तिसरा दिवस’ असे सांगत नाही, तर ‘तीन दिवस उलटल्यावर’ असे सांगतो. तो गुरुवार झाला. ७ म्हणजे पुढचा सोमवार, आणि २८ म्हणजे चार आठवड्यांनंतरचा सोमवार. (स्नायूत सुई देण्याच्या पद्धतीत १४ हा आकडाही असतो.) या लसीत चालढकल परवडत नाही, म्हणून पहिल्याच भेटीत पुढच्या सर्व तारखा वार घालून लिहून घ्याव्यात.

या दोन मोजण्यांचे भांडण फार जुने आहे, आणि ‘इंटरव्हल’ हा शब्द ज्यांनी दिला ते रोमन या बाबतीत थेट आपल्या बाजूचे होते. त्यांचा बाजार दर आठ दिवसांनी भरे. परंतु दोन्ही टोकांचे बाजाराचे दिवस मोजून त्यांनी त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘नवव्या दिवसाचा’ असा होतो. आपला आठवडी बाजार सात दिवसांनी भरतो आणि नावात मात्र आठ बाळगतो. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे चौदा. पण पंधरवड्यात प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत खरोखरच पंधरा तिथी असतात, त्यामुळे त्या शब्दाला दोष देता येत नाही.

संगीतात याच्या उलट गंमत आहे. सा ते वरचा सा या पल्ल्याला युरोपात ‘ऑक्टेव्ह’, म्हणजे आठवा, म्हणतात, कारण ते दोन्ही सा मोजतात. आपण त्याला सप्तक म्हणतो, कारण वरचा सा हा पुढच्या सप्तकाचा पहिला स्वर, असे आपण मानतो. म्हणजे आठवडा म्हणताना आपण मेढी मोजतो, आणि सप्तक म्हणताना मधल्या जागा. कुंपणाला दहा खण हवे असतील तर अकरा मेढी आणाव्या लागतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. कागदावर आलो की आपण ते विसरतो.

प्रश्न : संगीतात दोन स्वरांमधल्या ‘इंटरव्हल’ला स्वरांतर म्हणतात, असे वाचले. सतारीवर खालचे पडदे लांब लांब आणि वरचे जवळ जवळ असतात, मग स्वरांतरे कमी होत जातात का? — एक सतारप्रेमी, मिरज

उत्तर : सताऱ्यातल्या त्या विद्यार्थ्याने नकाशावर पट्टी लावली, तशी आपण सतारीवर लावली आहे, आणि ती मिरजेत, जिथे तंतुवाद्ये घडवणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या, तिथे! स्वरांतर हे लांबीचे अंतर नसून प्रमाण असते. कंपने दुप्पट झाली की सा ते वरचा सा. दीडपट झाली की सा ते प. प ते वरचा सा हे प्रमाण चारास तीन. तार ९० सेंटिमीटरची आहे असे धरू. प वाजायला तारेचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे ६० सेंटिमीटर, वाजता राहिला पाहिजे, म्हणून पहिले ३० सेंटिमीटर मागे सोडावे लागतात. वरचा सा मात्र ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे आणखी १५ सेंटिमीटर सरकताच मिळतो. त्यापुढचे सप्तक, स्वरांतरे तीच असूनही, उरलेल्या तारेच्या अर्ध्या भागात, म्हणजे साडेबावीस सेंटिमीटरमध्ये मावते. कानाला समान वाटणारी अंतरे हाताला निमपट होत जातात. ‘स्वरांतर’ हा शब्द चांगलाच आहे, फक्त त्यातल्या ‘अंतर’ला वजाबाकी न समजता भागाकार समजावे.

प्रश्न : ‘मध्यंतर’ बरोबर की ‘मध्यांतर’? आणि जुन्या नाटकांत दोन मध्यंतरे असत का? — एक नाट्यरसिक, हरिपूर, जि. सांगली

उत्तर : संधिनियमाने ‘मध्यांतर’ होते आणि मराठीच्या जिभेने ‘मध्यंतर’ केले. ‘मध्यंतरी तो भेटला होता’ हे आपण इतके सहज बोलतो की ‘मध्यांतरी’ म्हणून पाहिले तर जीभ अडखळते. म्हणून मी ‘मध्यंतर’ लिहितो आणि ‘मध्यांतर’ला चूक म्हणत नाही. तीन अंकी नाटकाला दोन मध्यंतरे असतच, आणि ‘मध्य’ एकच असतो, असा आक्षेप तेव्हा कुणी घेतल्याचे दिसत नाही. १८४३ मध्ये ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभे केले, तिथल्या प्रेक्षकाला मी नाटकाविषयी आणखी काही सांगावे, असे वाटत नाही. इंग्रजीपुरते एवढेच की नाटकाच्या मध्यंतराला इंग्लंडमध्ये ‘इंटरव्हल’ म्हणतात, अमेरिकेत ‘इंटरमिशन’. आपण इंग्लंडचा शब्द उचलला.

प्रश्न : वैद्यकीय आणि कायद्याच्या इंग्रजीत ‘ल्युसिड इंटरव्हल’ येते. त्याला मराठीत काय म्हणावे? — एक वकील, सातारा

उत्तर : ‘भानावर असण्याचा काळ’. इथे ‘अंतर’ किंवा ‘मध्यंतर’ कदापि नको, कारण इथे मधला काळच महत्त्वाचा असतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या बाराव्या कलमानुसार एरवी मनाने अस्थिर असलेली व्यक्ती भानावर असताना करार करू शकते. वैद्यकात हेच शब्द डोक्याला मार लागलेल्या माणसाबद्दल वापरतात : तो काही वेळ शुद्धीवर येतो, बोलतो, बरा वाटतो, आणि कवटीच्या आत रक्त साचत गेल्याने पुन्हा कोसळतो. शुद्धीवर आला म्हणून अशा माणसाला घरी नेऊ नये.

प्रश्न : ‘शंभर वर्षांनी एकदा येणारा पूर’ असे म्हणतात. मग २००५ नंतर २०१९ आणि २०२१ मध्ये आमच्या घरात पाणी कसे आले? — एक पूरग्रस्त, गावभाग, सांगली

उत्तर : आपला राग समजतो. आयर्विन पुलाखालची पातळी ४० फुटांच्या इशारा रेषेकडून ४५ फुटांच्या धोका रेषेकडे सरकताना ज्याने रात्री जागून पाहिली आहे, त्याला शब्दार्थ सांगणे हे काहीसे कोरडेपणाचे काम आहे. यांपैकी कोणता पूर किती वर्षांचा, हा निवाडा मी करीत नाही; परंतु हा शब्दप्रयोग फसवा आहे, हे सांगणे भाग आहे. जलशास्त्रात असे म्हणतात तेव्हा अभिप्रेत असते ते सरासरी ‘इंटरव्हल’, म्हणजे अशा दोन पुरांमधली वर्षे फार दीर्घ काळात मोजली तर सरासरीने १०० भरतील. याचा व्यवहारातला अर्थ असा की अशा पुराची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक असते, आणि यंदा तो येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता तसूभरही घटत नाही. ३० वर्षे एकाच घरात राहणाऱ्याला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता शंभरात सुमारे २६ असते. शिवाय ही मोजणी मागच्या नोंदींवरून केलेली असते. पाऊस किंवा नदीचे पात्र बदलले तर तो आकडाही बदलावा लागतो. इथे ठरलेल्या ठिकाणी रोवलेल्या मेढीच नाहीत, केवळ त्यांची सरासरी आहे. म्हणून ‘शंभर वर्षांनी येणारा’ हे भाषांतर सोडून ‘दरवर्षी शंभरात एक शक्यता असलेला पूर’ असे लिहावे.

प्रश्न : एकाच शब्दात जागा आणि काळ दोन्ही येतात, हे भाषेतले झाले. प्रत्यक्षात कुठे ही दोन्ही अंतरे एकत्र मोजली जातात का? — एक विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : रोजच मोजली जातात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तिनाने भागावे. वीज किती किलोमीटरवर पडली, ते साधारण कळते, कारण आवाजाला एका किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात. हृदयाच्या आलेखाच्या कागदावर याच्या उलट चालते : कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणून एक मिलिमीटर जागा म्हणजे ४० मिलिसेकंद काळ, आणि डॉक्टर चौकोन मोजून वेळ सांगतात.

भौतिकशास्त्रात तर ‘इंटरव्हल’ला स्वतंत्र, काटेकोर अर्थ आहे. आइन्स्टाइनच्या १९०५च्या सिद्धांतातून असे निघाले की दोन घटनांमधला काळ आणि त्यांच्यामधली जागा ही दोन्ही, मोजणारा कसा हालतो आहे, त्यावर अवलंबून असतात. त्यामुळे दोन निरीक्षकांचे आकडे जुळत नाहीत. १९०८ मध्ये हेर्मान मिंकोव्स्की या गणितज्ञाने दोन्हींना एकत्र बांधणारी एक राशी मांडली. काळातल्या अंतराला प्रकाशाच्या वेगाने गुणून त्याचा वर्ग करायचा, आणि त्यातून जागेतल्या अंतराचा वर्ग वजा करायचा. जे उरते ते दोघांनाही सारखेच मिळते, आणि त्यालाच ‘इंटरव्हल’ म्हणतात. पायथागोरसच्या सिद्धांतात वर्गांची बेरीज असते, इथे वजाबाकी आहे, हे ध्यानात ठेवावे. त्या वजाबाकीमुळे असे होते की चंद्रावरून निघालेला प्रकाशकिरण सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतर सव्वा सेकंदाहून किंचित अधिक काळात कापून आपल्यापर्यंत पोचतो, तरी त्याचे निघणे आणि त्याचे पोचणे यांमधले ‘इंटरव्हल’ शून्य भरते. याला मराठीत ‘अवकाशकाळातील अंतर’ म्हणता येईल. ‘अवकाश’ हा शब्द आकड्यांच्या ठिकाणी टाळावा असे मी वर लिहिले, त्याला हा एक अपवाद.

आपण कराडच्या आहात, म्हणून जवळचे एक उदाहरण देतो. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाच्या आठवणी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असतील, आणि लहान धक्के तर आपणही अनुभवले असतील. भूकंपाच्या लाटा दोन प्रकारच्या असतात. एक वेगाने धावते आणि आधी पोचते, दुसरी मागाहून. जितके केंद्र दूर, तितके दोघींमधले सेकंद अधिक. कोयनेच्या परिसरातल्या भूकंपासारख्या जवळच्या धक्क्याच्या बाबतीत त्या सेकंदांना साधारण आठाने गुणले की केंद्रापर्यंतचे किलोमीटर मिळतात : पाच सेकंद, तर सुमारे चाळीस किलोमीटर. पुढच्या वेळी भांडी वाजली आणि मग जरा थांबून घर हलले, तर घाबरून न जाता आधी मोकळ्या जागेत जावे, आणि त्या मधल्या सेकंदांचा आकडा लक्षात राहिला असेल, तर मला कळवावा.